कंपाउंडरचा गुरुवार

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज कंपाउंडर आली नाही. तिची वेळ साडेदहाची, आणि तीन वर्षांत ती पाच मिनिटंसुद्धा इकडची तिकडे झाली नव्हती. अकरा वाजले तसा मी चिडलो. साडेअकराला आमच्या हिच्या पाठीवरची पट्टी मीच बदलली आणि बदलताना मोठ्याने म्हणालो, "निवृत्त झाली की माणसं घड्याळ विसरतात." ही म्हणाली, "बरं." ही सगळ्यालाच बरं म्हणते. पक्षाघातानंतर तेवढा एकच शब्द हिच्याकडे उरला आहे.

पावणेबाराला हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंचा फोन आला. कंपाउंडर काल दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. "त्यांच्या वहीत आजच्या पानावर तुमचा पत्ता होता, म्हणून कळवलं," बाई म्हणाल्या. मी "बरं" म्हणालो. आमच्या घरात तोच शब्द चालतो.

मग उरलेल्या कापसाच्या घड्या घालून डब्यात ठेवल्या. रडू वगैरे काही आलं नाही. तासभर तिच्या नावाने खडे फोडले, आणि ती तर कालच गेली होती, हे मात्र घशाखाली उतरत नाही.

ही वही ऑफिसातून आणलेली, मोजमापं टिपायला. कोरीच राहिली होती. आठवडाभर मनात साठलेलं मी गुरुवारी कंपाउंडरपुढे ओतायचो. आता ते कुठेतरी ठेवायला हवं, म्हणून लिहितो आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

पाचवी ते दहावी मी आणि कंपाउंडर एका वर्गात. पाचवीत मी मैदानात पडलो आणि गुडघा फुटला, तेव्हा तिने आपल्या वेणीची रिबीन सोडून माझ्या पायाला बांधली आणि उरलेला दिवस एक वेणी मोकळी ठेवून बसली. त्याबद्दल तिने बाईंचा मार खाल्ला, पण रिबीन परत मागितली नाही. त्या दिवसापासून तिचं नाव कंपाउंडर पडलं. माझे पाय काड्यांसारखे लांब, म्हणून मी कर्कटक. पुढे मी नकाशे काढायच्या नोकरीला लागलो, तेव्हा ती म्हणाली की नाव ठेवणाऱ्याला भविष्य कळत होतं.

ती नर्सिंगला गेली आणि चाळीस वर्षं एकाच हॉस्पिटलात राहिली. लग्न केलं नाही. का केलं नाहीस असं कुणी विचारलं की म्हणायची, "मुलगा बघायला आला त्या दिवशी माझी नाइट ड्युटी होती."

मधली पस्तीस वर्षं आमची गाठ नव्हती. हिला हॉस्पिटलात नेलं तेव्हा वॉर्डच्या दारात पांढऱ्या केसांची एक सिस्टर मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "अरे, कर्कटक ना तू? अजून वाळलेलाच?" माझी बायको आत अर्ध्या अंगाने लुळी पडली होती आणि मला हसू फुटलं. त्या हसण्याचे उपकार मी कसे फेडणार होतो कोण जाणे. फेडले नाहीतच.

९ फेब्रुवारी, सोमवार

लेकीचा फोन. सांत्वनाची दोन वाक्यं झाली आणि गाडी रुळावर आली. "बाबा, आता कंपाउंडर मावशीपण नाहीत. आईला त्या शुश्रूषा केंद्रात ठेवू या. तिथे रात्रंदिवस माणसं आहेत."

मी म्हणालो, "इथे मी आहे."

"तुम्ही चौसष्ट वर्षांचे आहात."

"म्हणून काय झालं? नकाशावर वय लिहीत नाहीत."

हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या दिवशी मी हिचा हात धरून सांगितलं होतं, तुला कुठेही पाठवणार नाही. ही बरं म्हणाली होती. उद्या मी म्हणालो की चल, तुला पोचवून येतो, तर ही तेव्हाही बरंच म्हणेल. तेच मला सोसणार नाही. भांडली असती तर पाठवलं असतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

साडेदहाला उगीच दार उघडून उभा राहिलो. सवय.

तिची पद्धत ठरलेली होती. आली की हात धुवायचे, हिच्या डोक्यावरून हात फिरवायचा, कूस वळवून पाठ बघायची. "उत्तम ठेवलीस रे," असं म्हणून पाच मिनिटांत ते काम संपायचं. मग स्वयंपाकघरात खुर्ची ओढायची आणि म्हणायची, "हात दे, बीपीचं मशीन नीट चालतंय का बघते." तीन वर्षं दर गुरुवारी हेच. मी म्हणायचो, दर आठवड्याला तपासावं लागतं ते मशीन भंगारात दे. ती आकडा टिपून घ्यायची आणि चहा मागायची.

बाकी चौकश्याही फार. रात्री किती उशा घेतोस? मी म्हणायचो दोन, हल्ली तीन. मला वाटलं तिच्या घरी उशा कमी आहेत की काय. एकदा एक देऊही केली. माझ्या घोट्यावर अंगठा दाबून बघायची, खड्डा पडला की तो भरेपर्यंत बघत बसायची. साठी उलटली तरी पोरखेळ जात नाही काहींचा. हिचं मीठ कमी करायला लावलं ते लावलं, वर "दोन भाज्या कशाला करतोस, तूही तेच खा" म्हणाली. अळणी खाऊन माझ्या जिभेची चव गेली.

एकदाच कडाक्याचं भांडण झालं, पहिल्याच महिन्यात. ती म्हणाली, डॉक्टरकडे चल, मी येते बरोबर. मी म्हणालो, मला धाड भरलेली नाही, आणि तुला हिच्याऐवजी माझ्याकडे बघायचं असेल तर येऊ नकोस. ती पिशवी उचलून गेली. पुढच्या गुरुवारी साडेदहाला हजर. त्या विषयावर ती पुन्हा बोलली नाही, आणि मी जिंकलो असं मला वाटलं. मशीन तपासायचं खूळ तिने तेव्हापासून काढलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

जिन्याच्या पायरीची उंची साडेसहा इंच असावी. आमच्या जिन्याची साडेसात आहे, मी मोजली. हे ज्याने काढलं त्याला नकाशे काढायचा परवाना दिलाच कुणी? तिसऱ्या मजल्यापर्यंत चारदा थांबावं लागतं. बूटही आखडले आहेत. चामडं हल्ली चांगलं येत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मेट्रनबाईंचा पुन्हा फोन. शनिवारी संध्याकाळी शोकसभा आहे, आणि "त्यांच्या शाळेतले तुम्ही एकटेच सापडलात, दहा मिनिटं बोला." मी म्हणालो, मी बोलणारा माणूस नाही, रेघा मारणारा आहे. त्या म्हणाल्या, "त्या तुमच्याबद्दल रोज सांगायच्या." माझ्याबद्दल सांगण्यासारखं काय आहे, हे विचारायचं राहून गेलं.

सकाळी भांड्यांना येणाऱ्या मावशी दोन तास हिच्याजवळ बसायला तयार आहेत. म्हणजे सबबही गेली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काय बोलावं याचा विचार करतो आहे. एक गोष्ट आहे, पण ती सांगायची तर आधी माझं पितळ उघडं पाडावं लागतं. ते निदान इथे पाडतो.

दर दोन तासांनी कूस बदलायची, हे तिने मला शिकवलं. डावी, पाठ, उजवी. नाहीतर अंगाला बेडसोर पडतात, आणि एकदा पडले की महिनोन्महिने भरत नाहीत. मी ड्रॉइंग शीटवर तक्ता केला, रकाने आखले, भिंतीला लावला. तो बघून वॉर्डातल्या सगळ्या सिस्टरना दाखवायला तिने फोटो काढून नेला.

सहा महिने नेमाने चाललं. मग एका पहाटे मला जाग आली ती थेट साडेसहाला. ही त्याच कुशीवर होती. मी पेन घेतलं आणि रात्रीचे सगळे रकाने एका दमात भरून टाकले. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यात तीनदा. हिच्या माकडहाडावर लाल चट्टा आला आणि त्याची जखम झाली. आज जी जखम मी निगुतीने बांधतो, ती माझ्याच पेनाने झालेली आहे.

कंपाउंडर तक्त्यापुढे उभी राहिली. रात्रीच्या रकान्यांवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता माझी धडगत नाही. ती म्हणाली, "अक्षर फार सुंदर आहे रे तुझं. झोपेतही हलत नाही." मग खाली बसली आणि स्वतःची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी हवा भरायची गादी घेऊन आली. म्हणाली, "यावर रात्री एकदा उठलास तरी भागेल. बाकी वेळ झोप." हिच्यासाठी केवढी धावाधाव केली तिने.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आलो. लगेच लिहूनच ठेवतो.

हॉस्पिटलच्या हॉलमध्ये तीनचारशे माणसं, निम्म्याहून अधिक गणवेशातली. माझ्याआधी चार भाषणं. सेवेची मूर्ती, त्यागाचा पुतळा, करुणेचा सागर. मूर्ती आणि पुतळा दोन्ही झाल्यावर मला वाटलं, हे कुणाबद्दल बोलताहेत? पुतळ्याचे पाय दुखत नाहीत. तिचे दुखायचे. खुर्चीत बसल्या बसल्या ती डुलकी घ्यायची, बोलायला लागली की मोठ्या डॉक्टरांची सालं काढायची, आणि चहा गार मिळाला तर तोंड फिरवायची.

म्हणून मी ती गोष्टच सांगितली. शिकाऊ असताना तिच्याकडे बावीस खाटांचा ताप बघायचं काम होतं. एका सकाळी थर्मामीटर तिच्या हातून फुटला. दुसरा मागायला गेलं तर बोलणी बसणार. तिने बावीसच्या बावीस रकान्यांत अठ्ठ्याण्णव पॉइंट चार लिहिलं. आठ वाजता मेट्रन आल्या, तक्ता वाचला आणि म्हणाल्या, "वा! सतरा नंबरचा ताप उतरला. चल, भेटून येऊ." सतरा नंबरची खाट रिकामी होती. म्हातारे पहाटेच गेले होते. चादरसुद्धा बदललेली.

हॉलमध्ये आधी कुणीच हसलं नाही. मग मागच्या रांगेतल्या सिस्टर हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मी म्हणालो, "ती मला म्हणाली होती, त्या दिवसापासून माणसाला हात लावल्याशिवाय मी कागदाला पेन लावलं नाही. हे ती पहिल्या दिवशी शिकली नाही. चूक करून शिकली. माझी चूक तिने धरली तेव्हा मला ओरडली नाही, स्वतःची सांगितली. एवढं मला…"

तिथे मला थांबावं लागलं. लोकांना वाटलं गहिवरून आलं. मला नुसता दम लागला होता. पाणी प्यालो, खुर्चीला धरून उभा राहिलो, आणि वाक्य पुरं न करताच उतरलो. टाळ्या मात्र भरपूर. पहिल्या रांगेतली एक ठेंगणी सिस्टर सगळा वेळ माझ्या पायांकडे बघत होती. कुणी बोलत असताना त्याच्या पायांकडे टक लावून बघणं मला तरी उद्धटपणाचं वाटलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

साडेदहाला घंटी वाजली. दारात ती ठेंगणी सिस्टर. "मॅडमचे घरोघरचे पेशंट आम्ही वाटून घेतलेत, काका. हे घर माझ्याकडे आलंय."

माझा राग पळाला. आत नेलं. तिने हात धुतले, हिच्याशी गोड बोलली, पाठ बघितली. "जखम अगदी भरत आलीय. मॅडम म्हणायच्या तसंच. इथे माझ्यासाठी काही कामच नाही ठेवलंत." मग वळून म्हणाली, "आता तुम्ही बसा."

"मशीन तपासायचंय ना?" मी बाही वर करत म्हणालो.

"मशीनला काय झालंय?"

तिने दाब घेतला, पुन्हा घेतला, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग पिशवीतून कंपाउंडरची वही काढली. वर लिहिलेलं: गुरुवार, साडेदहा. रुग्ण – कर्कटक.

मी म्हणालो, "रकाना चुकला बघा तिचा. पेशंट आत आहे."

"काका, काकूंचं नाव या वहीत कुठेच नाही."

वही तिने माझ्या हातात दिली. दर गुरुवारची नोंद, तीन वर्षांची. माझे आकडे. माझ्या उशा. 'पायाला सूज. आज घोट्याच्या वरपर्यंत.' एका जागी: 'हृदय थकलंय त्याचं. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतो. भांडले तर दार बंद होईल, मग बघणारच कोण? त्यापेक्षा नजर ठेवायची.' आणखी पुढे: 'हवेची गादी दिली. आता तरी झोपेल.' आणि जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारी: 'दम बोलतानाही लागतो. बास झालं. पुढच्या वेळी हाताला धरून न्यायचा, शिव्या दिल्या तरी.'

सिस्टर म्हणाली, "ॲडमिट व्हावं लागेल. दोन आठवडे तरी. उद्या म्हटलं तर उद्या."

मी म्हणालो, "आणि ही?"

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळं माझ्याच अंगावर होतं आणि मी जिन्याची उंची मोजत होतो.

काल संतापलो होतो, तीन वर्षं मला फसवलं म्हणून. आज राग नाही. तिने सरळ सांगितलं होतं, मीच तिला दाराबाहेर काढलं. मग ती मला ऐकवेल अशा वाटेने आली, एवढंच.

आज तिची वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. अकरा घरं, अकरा माणसांचे आकडे. तिचा स्वतःचा आकडा कुठे नाही. दर गुरुवारी यंत्र आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर असायचं. आण, तुझाही बघू, असं मी एकदाही म्हणालो नाही. पाय दुखतात म्हणायची तर मी चहा टाकायचो. आज रडलो. हिच्या खोलीत नाही, बाथरूममध्ये नळ सोडून.

१ मार्च, रविवार

लेक काल आली. सामान भरते आहे, माझ्याशी जपून बोलते आहे. केंद्रात जागा मिळाली, सध्या महिनाभरासाठी. तिथल्या माणसांसाठी मी नवा तक्ता काढला. रकाने भरायला त्यांच्यासाठी कोरे ठेवले.

हिला सांगायचं काम माझं होतं. सकाळी पाठ बांधून झाल्यावर समोर बसलो. "मी आजारी आहे. हॉस्पिटलात जावं लागणार. तोवर तुला दुसरीकडे राहावं लागेल. लेक रोज येईल." ही म्हणाली, "बरं."

याचीच मला भीती होती. मी म्हणालो, "की नको जाऊ मी? राहतो इथेच. तुला दिलेला शब्द आहे माझा. काय ते औषध घरीच घेतो. चालेल?"

ही काही बोलली नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. पुन्हा विचारलं, राहू का इथेच? हिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि माझ्याकडे बघत राहिली. तीन वर्षांत हिने ज्याला बरं म्हटलं नाही अशी ही एकच गोष्ट.

५ मार्च, गुरुवार

वॉर्डातून लिहितो आहे. पेन सिस्टरचं.

सकाळी हिला केंद्राच्या गाडीत झोपवलं. लेक हिच्याबरोबर गेली आणि माझा मोबाइल तिच्याच पर्समध्ये राहिला. मी रिक्षाने इथे आलो. दारात ठेंगणी सिस्टर वाट बघत होती. खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म दिला. नाव, वय, पत्ता लिहिलं. पुढे रकाना होता: जवळची व्यक्ती, फोन नंबर. लेकीचा नंबर मोबाइलमध्ये, मोबाइल लेकीजवळ. मला पाठ असलेला नंबर एकच. हात आपसूक चालला आणि दहा आकडे लिहूनही झाले. मग लक्षात आलं की हा कंपाउंडरचा. ती जाऊन महिना झाला. मी खोडायला पेन टेकवलं तोवर कारकुनाने कागद ओढून घेतला आणि म्हणाला, "थांबा, लागतोय का बघतो. लोक काहीही लिहितात."

मला म्हणायचं होतं, नका लावू, तो आता कुणी उचलणार नाही. पण तेवढ्यात त्याने आकडे दाबले, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ठेंगण्या सिस्टरच्या खिशातला फोन वाजला.

"मॅडमचाच आहे," ती म्हणाली. "अकरा घरांना हाच नंबर दिलेला, बंद कसा करणार?" मग फोन कानाला लावून, खिडकीतल्या कारकुनाकडे बघतच ती म्हणाली, "हो, बरोबर आहे. यांची मीच."